आहारपूरक म्हणून शैवाल

आहारपूरक शैवाल म्हणजे नेहमीच्या जेवणाला जोड म्हणून भुकटी, गोळ्या, कॅप्सूल किंवा तेल या रूपांत अल्प प्रमाणात घेतले जाणारे खाद्य शैवाल. भारतात या नावाखाली प्रामुख्याने स्पिरुलिना विकले जाते. त्याखेरीज क्लोरेला, शैवालापासून काढलेले डीएचए तेल आणि समुद्री शैवालांची भुकटी ही उत्पादनेही बाजारात आढळतात. भरपूर प्रथिने, लोह, कॅरोटीन आणि जीवनसत्त्वे हे या पूरकांचे गुण म्हणून सांगितले जातात. त्यांपैकी काही दाव्यांना प्रयोगांचा आधार आहे, तर काही दावे तुलनेच्या पद्धतीमुळे आहेत त्यापेक्षा मोठे भासतात. जीवनसत्त्व ब-१२ विषयीचा दावा मात्र शाकाहारी व्यक्तीचे थेट नुकसान करू शकतो. धोक्यांच्या बाबतीत शैवालाची जात आणि ते ज्या पाण्यात वाढले ते पाणी या दोन गोष्टी निर्णायक ठरतात.

महाराष्ट्राचा या विषयाशी दुहेरी संबंध आहे. स्पिरुलिना ज्या गटातील आहे, ते सूक्ष्मजीव बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवरात नैसर्गिकरीत्या वाढतात. तसेच ज्या ब-१२ च्या कमतरतेवर उपाय म्हणून शैवाल सुचवले जाते, तिचा दीर्घकालीन अभ्यास पुणे परिसरातील खेड्यांत झाला आहे.

## स्वरूप व वर्गीकरण

व्यवहारात ज्यांना सरसकट ‘शैवाल’ म्हटले जाते ते जीव एकमेकांपासून बरेच दूरचे आहेत. स्पिरुलिना हे काटेकोर अर्थाने शैवाल नाही. ते प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या जीवाणूंच्या, म्हणजे नील-हरित जीवाणूंच्या गटात मोडते आणि त्याच्या पेशीत केंद्रक नसते. जुन्या पाठ्यपुस्तकांत या गटाला ‘नील-हरित शैवाल’ म्हटले जाई. तेच नाव लोकांत रूढ राहिले. व्यापारात ‘स्पिरुलिना’ म्हणून विकल्या जाणाऱ्या जातींचे शास्त्रीय नाव आर्थ्रोस्पिरा प्लाटेन्सिस व आर्थ्रोस्पिरा मॅक्झिमा असे आहे. २०१९ पासून काही शास्त्रज्ञ त्यांना लिम्नोस्पिरा या नव्या प्रजातीत घालतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचे तंतू मळसूत्रासारखे पिळलेले दिसतात.

क्लोरेला हे खरे हरित शैवाल असून त्याची पेशी एकटी व गोल असते. तिची भित्ती कठीण असल्यामुळे ती फोडल्याशिवाय आतील द्रव्ये नीट पचत नाहीत, म्हणून बाजारातील क्लोरेलावर ‘पेशीभित्ती फोडलेले’ असा उल्लेख असतो. समुद्री शैवाले ही मोठी, डोळ्यांना दिसणारी असतात. आपण ती आहारपूरक म्हणून घेत नसलो तरी नकळत खात असतो: ‘चायना ग्रास’ म्हणून ओळखला जाणारा अगर तांबड्या समुद्री शैवालापासून बनतो, आणि आइसक्रीम घट्ट ठेवणारे कॅरागीननही तसेच.

‘एएफए’ या संक्षिप्त नावाने विकले जाणारे ॲफॅनिझोमेनॉन हा चौथा प्रकार. हाही नील-हरित जीवाणूच आहे. परंतु तो तलावात कृत्रिमरीत्या वाढवला जात नाही, नैसर्गिक सरोवरातून गोळा केला जातो. हा फरक धोक्यांच्या संदर्भात महत्त्वाचा असल्याने त्याचा पुढे स्वतंत्र विचार केला आहे.

## इतिहास

मेक्सिकोतील टेश्कोको सरोवराच्या पृष्ठभागावरून ॲझ्टेक लोक निळसर हिरवी साय गोळा करून तिच्या वड्या करीत आणि बाजारात विकत, अशी नोंद सोळाव्या शतकातील स्पॅनिश लेखकांनी केली आहे. या पदार्थाला ते ‘टेकुइटलाट्ल’ म्हणत. आफ्रिकेत चाड सरोवराच्या परिसरातील कानेम्बू स्त्रिया आजही अशीच साय गाळून वाळूवर वाळवतात. तिला ‘दिहे’ म्हणतात आणि तिचे कालवण करून भरडधान्याच्या अन्नाबरोबर खातात. म्हणजेच चाडमध्ये शैवाल हे औषध नसून भाकरीबरोबरचे कोरड्यास आहे. पिएर दांझार यांनी १९४० साली या पदार्थाकडे लक्ष वेधले. १९६०च्या दशकाच्या मध्यात बेल्जियन वनस्पतिशास्त्रज्ञ झाँ लेओनार यांनी त्याचा पुन्हा अभ्यास केला आणि त्यानंतर औद्योगिक लागवडीला चालना मिळाली.

क्लोरेलाची कथा वेगळी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर जगाची लोकसंख्या अन्नापेक्षा वेगाने वाढेल या भीतीपोटी अमेरिका व जपान येथे क्लोरेलाच्या लागवडीचे प्रयोग झाले. ते जगाचे अन्न काही बनले नाही. उत्पादनखर्च जास्त आणि चव नकोशी. पुढे जपानमध्ये ते आरोग्यपूरक म्हणून विकले जाऊ लागले. उपाशी माणसासाठी शोधलेले अन्न अखेर पोट भरलेल्या ग्राहकाच्या कपाटात गेले, हा या इतिहासातील लक्षणीय भाग होय.

भारतात म्हैसूरची केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था आणि चेन्नईचे मुरुगप्पा चेट्टियार संशोधन केंद्र यांनी १९७०-८०च्या दशकांत लागवडीच्या पद्धती विकसित केल्या. चेन्नईच्या केंद्राचे सी. व्ही. शेषाद्री यांनी ग्रामीण भागात कमी खर्चात स्पिरुलिना वाढवण्यावर भर दिला. तमिळनाडूत त्याचे व्यापारी उत्पादन आजही होते.

## लोणार सरोवर

लोणार हे बेसाल्ट खडकात उल्काघाताने निर्माण झालेले विवर असून त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. त्यातील पाणी खारे व तीव्र अल्कधर्मी असून त्याचा सामू १० च्या आसपास असतो. सोडियम कार्बोनेटयुक्त अशा पाण्यात बहुतेक वनस्पती व मासे तग धरत नाहीत. आर्थ्रोस्पिराला मात्र नेमके असेच पाणी मानवते. पूर्व आफ्रिकेतील सोडा-सरोवरे आणि लोणार यांच्यातील हे साम्य आहे. सरोवराचे पाणी एरवी हिरवे दिसते ते मुख्यतः या व अशाच इतर सूक्ष्मजीवांमुळे.

जून २०२० मध्ये हे पाणी अचानक गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने केलेल्या तपासणीत हा रंग क्षारप्रिय आर्किया या सूक्ष्मजीवांमुळे आल्याचे आढळले. उन्हाळ्यात पाणी आटून क्षारता वाढली की त्यांची वाढ होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणारचा रामसर यादीत समावेश झाला. एकाच तळ्यात ऋतूनुसार सूक्ष्मजीवांचे बहुमत कसे बदलते याचे हे उत्तम उदाहरण आहे. नैसर्गिक सरोवरातून थेट गोळा केलेले शैवाल आहारात का वापरू नये, याचे कारणही त्यातच दडलेले आहे, कारण आज गोळा केलेल्या सायीत जे जीव आहेत तेच महिन्याभराने असतील याची खात्री नसते. लोणारच्या बाबतीत गावातील सांडपाणी सरोवरात उतरण्याचा प्रश्नही दीर्घकाळ चर्चेत राहिला आहे. शिवाय हा परिसर अभयारण्य असल्याने तेथून काही काढून नेता येत नाही.

पूर्वी लोणारच्या पाण्यातून निरनिराळे क्षार काढले जात. शैवाल खाण्याची चाडसारखी परंपरा मात्र या भागाच्या आहारात दिसत नाही.

## पोषणमूल्ये आणि तुलनेतील चूक

वाळवलेल्या १०० ग्रॅम स्पिरुलिनात सुमारे ५७ ग्रॅम प्रथिने, २४ ग्रॅम कर्बोदके, ८ ग्रॅम मेद, २८ मिलिग्रॅम लोह आणि १२० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. त्यापासून सुमारे २९० किलोकॅलरी ऊर्जा मिळते. प्रथिनांत सर्व आवश्यक अमिनो आम्ले असतात. निळा रंग देणारे फायकोसायनिन, बीटा-कॅरोटीन आणि गॅमा-लिनोलेनिक आम्ल हेही त्यात असते. वाणानुसार व लागवडीनुसार हे आकडे बरेच बदलतात.

हे आकडे खरे आहेत. मात्र ते १०० ग्रॅमचे आहेत आणि कोणीही रोज १०० ग्रॅम स्पिरुलिना खात नाही. सर्वसाधारण मात्रा १ ते ५ ग्रॅम असते. ३ ग्रॅम भुकटीतून सुमारे १.७ ग्रॅम प्रथिने मिळतात. ३० ग्रॅम तूरडाळीतून, म्हणजे एका माणसाच्या वाटणीच्या वरणातून, साडेसहा ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात. मूठभर शेंगदाण्यांतूनही जवळपास तितकीच मिळतात. ५५ किलो वजनाच्या स्त्रीला दिवसाला सुमारे ४६ ग्रॅम प्रथिने लागतात हे लक्षात घेता, प्रथिनांचा स्रोत म्हणून गोळ्यांना फारसा अर्थ उरत नाही. तूर, हरभरा व सोयाबीनची मोठी बाजारपेठ असलेल्या लातूर-नांदेड भागात तर हा हिशेब अधिकच स्पष्ट आहे.

जाहिरातींत वारंवार दिसणारी ‘पालकापेक्षा कितीतरी पट लोह’ किंवा ‘दुधापेक्षा कितीतरी पट कॅल्शियम’ ही वाक्ये कोरड्या व ओल्या पदार्थांच्या तुलनेवर उभी असतात. पालकात ९० टक्क्यांहून अधिक पाणी असते, तर भुकटीत पाणी जवळजवळ नसतेच. समान वजन घेतले तर स्पिरुलिनात पालकाच्या सुमारे दहापट लोह भरते. पण १०० ग्रॅम पालकातून पावणेतीन मिलिग्रॅमच्या आसपास लोह मिळते, तर ३ ग्रॅम स्पिरुलिनातून एक मिलिग्रॅमही नाही. कॅल्शियमचा दावा तर वजनास वजन धरूनही टिकत नाही. १०० ग्रॅम गाईच्या दुधातही सुमारे १२० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. पेलाभर दुधातून मिळणाऱ्या कॅल्शियमच्या तुलनेत ३ ग्रॅम भुकटीतील चार मिलिग्रॅम नगण्य आहे.

लोहाचा प्रश्न महाराष्ट्रात किरकोळ नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार राज्यातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रिया आणि सहा महिने ते पाच वर्षे वयाची ६८.९ टक्के बालके रक्तक्षयग्रस्त आहेत. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने प्रौढ स्त्रीसाठी दिवसाला २९ मिलिग्रॅम लोहाची शिफारस केली आहे. स्पिरुलिनाच्या नेहमीच्या मात्रेतून त्याचा तिसाव्या हिश्श्याच्या आसपास भाग मिळतो. म्हणून रक्तक्षयावर डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्यांऐवजी शैवाल घेणे योग्य ठरत नाही.

## जीवनसत्त्व ब-१२ चा प्रश्न

शैवाल पूरकांच्या बाबतीत भारतीय वाचकाने सर्वाधिक लक्ष द्यावे असा हा भाग आहे. ब-१२ हे जीवनसत्त्व केवळ काही सूक्ष्मजीव तयार करतात. माणसाला ते दूध, अंडी, मासे व मांस यांतून मिळते. धान्ये, डाळी आणि भाज्यांत ते नसते. त्याच्या दीर्घकालीन कमतरतेने विशिष्ट प्रकारचा रक्तक्षय होतो, हातापायांना मुंग्या येतात, तोल जातो, स्मृती मंदावते. उपचारास फार उशीर झाल्यास मज्जासंस्थेची हानी भरून येत नाही.

पुण्याच्या केईएम रुग्णालय संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या नेतृत्वाखाली १९९३ पासून परिसरातील सहा खेड्यांतील माता व त्यांच्या मुलांचा पाठपुरावा करण्यात आला. गरोदरपणात तपासलेल्या ६० टक्क्यांहून अधिक मातांच्या रक्तात ब-१२ कमी होते. ज्या मातांमध्ये ब-१२ कमी आणि फोलेट जास्त होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला होणारा अवरोध सर्वाधिक आढळला. मातेच्या ताटातील एका जीवनसत्त्वाची उणीव पुढच्या पिढीपर्यंत पोहोचते, हे या अभ्यासाने दाखवले.

अशा समाजात ‘शाकाहारी ब-१२’ म्हणून स्पिरुलिना विकले जाते तेव्हा अडचण निर्माण होते. स्पिरुलिनातील बहुतांश ब-१२ हे वस्तुतः ‘छद्म ब-१२’ असते. त्याची रचना खऱ्या ब-१२ सारखी दिसते, पण रेणूचा एक भाग वेगळा असल्याने मानवी जठरातील आंतरिक घटक त्याला नीट पकडत नाही आणि शरीर त्याचा उपयोग करू शकत नाही. जपानी शास्त्रज्ञ फुमिओ वातानाबे व सहकाऱ्यांनी १९९९ साली केलेल्या विश्लेषणात स्पिरुलिनाच्या गोळ्यांत आढळलेल्या ब-१२ सदृश द्रव्यापैकी सुमारे ८३ टक्के छद्म स्वरूपाचे होते. वेष्टनावरील आकडा मात्र मोठा दिसू शकतो, कारण जीवाणूंच्या साहाय्याने केली जाणारी जुनी चाचणी खरे व छद्म असा भेद करत नाही.

१९९१ साली नेदरलँड्समध्ये मॅक्रोबायोटिक आहारावरील बालकांवर झालेल्या अभ्यासातून आणखी एक सूक्ष्म धोका पुढे आला. ज्या मुलांना ब-१२ साठी नोरी व स्पिरुलिना दिले गेले, त्यांच्या रक्तातील ब-१२ ची पातळी वाढली, पण रक्तपेशींवरील कमतरतेची लक्षणे सुधारण्याऐवजी वाढत गेली. थोडक्यात, शैवाल घेणाऱ्या व्यक्तीचा साधा रक्ततपासणी अहवाल चांगला दिसू शकतो आणि आजार आतून पुढे सरकत राहतो. शंका असल्यास मिथाइलमेलोनिक आम्ल किंवा होमोसिस्टीन यांची तपासणी अधिक भरवशाची असते. क्लोरेलाच्या काही उत्पादनांत खरे ब-१२ आढळले आहे. तथापि त्याचे प्रमाण उत्पादनागणिक इतके बदलते की त्यावर विसंबून राहता येत नाही. ब-१२ ची साधी गोळी किंवा इंजेक्शन हा स्वस्त आणि खात्रीचा उपाय उपलब्ध आहे. दूध-अंडी चालणाऱ्यांसाठी तीही आहेत.

## जेथे उपयोग दिसून आला आहे

जीवनसत्त्व अ च्या बाबतीत चित्र अधिक अनुकूल आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील संशोधकांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात स्पिरुलिनातील कॅरोटीन शाळापूर्व वयातील मुलांच्या शरीराला उपयोगी पडते, असे आढळले. तमिळनाडूत सुमारे ५,००० बालकांना रोज १ ग्रॅम स्पिरुलिना देण्याचा कार्यक्रम राबवण्यात आला. अ जीवनसत्त्वाच्या अभावाने डोळ्यांच्या पांढऱ्या भागावर येणाऱ्या डागांचे प्रमाण त्यात लक्षणीय घटल्याचे शेषाद्री यांनी १९९३ साली नोंदवले. येथे थोडी मात्रा पुरते, कारण कॅरोटीनची गरजच मुळात मायक्रोग्रॅममध्ये मोजली जाते. अर्थात शेवग्याचा पाला, गाजर आणि पिकलेली पपई हेही कॅरोटीनचे स्रोत आहेत आणि शेवगा तर मराठवाड्यात बांधावर उगवतो.

रक्तातील मेद, रक्तदाब व रक्तशर्करा यांवरील चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणांत स्पिरुलिनाने काही प्रमाणात घट होते असे दिसले आहे. मात्र यांतील बहुतेक चाचण्या लहान व अल्पकालीन आहेत. कोलेस्टेरॉल किंवा मधुमेहाचे चालू औषध बंद करून शैवाल घ्यावे असा निष्कर्ष त्यांतून निघत नाही. ॲलर्जीजन्य सर्दीवरही काही अनुकूल निरीक्षणे आहेत. कर्करोग बरा होतो, शरीरातील विषे निघून जातात, यांसारख्या दाव्यांना मानवी चाचण्यांचा भरवशाचा आधार नाही.

शैवालजन्य पूरकांत सर्वांत ठोस आधार असलेले उत्पादन कदाचित डीएचए तेल हे असावे. मासे स्वतः डीएचए फारसे बनवत नाहीत; ते मुळात सूक्ष्मशैवाले व तत्सम सागरी सूक्ष्मजीवांकडून अन्नसाखळीतून त्यांच्यापर्यंत पोहोचते. हे सूक्ष्मजीव बंद टाक्यांत वाढवून काढलेले तेल शाकाहारी व्यक्तीला मासळीच्या तेलाचा खरा पर्याय देते. अर्भकांच्या दुधाच्या भुकटीतही ते वापरले जाते. स्पिरुलिनात मात्र डीएचए नसते, हा भेद विक्रीच्या भाषेत अनेकदा पुसला जातो.

## धोके

### सूक्ष्मजीवजन्य विषे

आर्थ्रोस्पिरा स्वतः मायक्रोसिस्टिन हे विष तयार करत असल्याचे मानले जात नाही. तथापि त्याच पाण्यात वाढणारे मायक्रोसिस्टिससारखे इतर नील-हरित जीवाणू ते तयार करतात. हे विष यकृतावर आघात करते आणि शिजवल्याने नष्ट होत नाही. १९९६ साली ब्राझीलमधील कारुआरू येथे दूषित पाणी डायलिसिससाठी वापरले गेल्याने पन्नासहून अधिक रुग्णांचा मृत्यू झाला. तेथे विष थेट रक्तात गेले होते, त्यामुळे ते उदाहरण आहारपूरकांना जसेच्या तसे लागू होत नाही. विषाची तीव्रता मात्र त्यातून कळते.

आहारपूरकांतील सर्वाधिक अभ्यासलेले प्रकरण अमेरिकेतील ओरेगन राज्याचे आहे. तेथील अप्पर क्लॅमथ सरोवरातून गोळा केलेल्या एएफए शैवालाच्या ८७ नमुन्यांपैकी ८५ नमुन्यांत मायक्रोसिस्टिन आढळले, आणि ६३ नमुन्यांत ते राज्याने ठरवलेल्या ग्रॅममागे १ मायक्रोग्रॅम या मर्यादेपेक्षा अधिक होते. ही मर्यादा प्रौढ व्यक्ती रोज २ ग्रॅम घेते असे धरून काढली होती. जागतिक आरोग्य संघटनेने शरीराच्या वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला ०.०४ मायक्रोग्रॅम इतके मायक्रोसिस्टिन सह्य मानले आहे. त्यानुसार ६० किलोच्या प्रौढासाठी हा आकडा २.४ मायक्रोग्रॅम येतो, तर १५ किलोच्या मुलासाठी केवळ ०.६. मर्यादेच्या आत बसणारी २ ग्रॅम भुकटी दिल्यासही मुलाच्या शरीरात सह्य प्रमाणाच्या तिपटीहून अधिक विष जाऊ शकते. अमेरिकेत ही उत्पादने लक्ष केंद्रित होण्यासाठी म्हणून मुलांना दिली जात होती, हे येथे नोंदवले पाहिजे.

### जड धातू व आयोडीन

शैवाले पाण्यातील शिसे, पारा, कॅडमियम व आर्सेनिक शोषून घेतात. हाच गुण सांडपाणी शुद्धीकरणात उपयोगी पडतो आणि आहारात घातक ठरतो. ‘हिजिकी’ या समुद्री शैवालात असेंद्रिय आर्सेनिक जास्त असल्याने ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेने ते न खाण्याचा सल्ला दिला आहे. केल्प या तपकिरी शैवालाच्या एकाच ग्रॅममध्ये प्रौढाच्या दिवसाच्या गरजेच्या (१५० मायक्रोग्रॅम) कितीतरी पट आयोडीन असू शकते. आयोडीनयुक्त मीठ खाणाऱ्या आणि विशेषतः थायरॉइडचा विकार असलेल्या व्यक्तीने केल्पच्या गोळ्या स्वतःहून घेणे टाळावे.

### विशिष्ट व्यक्तींसाठी धोका

फिनाइलकीटोन्यूरिया हा जन्मजात विकार असलेल्यांना स्पिरुलिनातील फिनाइलॲलनिन हानिकारक आहे. ल्युपस, संधिवात यांसारख्या स्वप्रतिकारक विकारांत, तसेच अवयव प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असताना शैवाल टाळण्याचा सल्ला दिला जातो, कारण ते प्रतिकारशक्तीला उत्तेजन देऊ शकते. क्लोरेलात जीवनसत्त्व के भरपूर असल्याने वॉरफरिनसारख्या रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधाचा परिणाम त्याने कमी होऊ शकतो. न्यूक्लिइक आम्लांमुळे यूरिक आम्ल वाढत असल्याने वातरक्ताच्या रुग्णांनी मोठी मात्रा घेऊ नये. तीव्र ॲलर्जीची तुरळक उदाहरणे वैद्यकीय साहित्यात आहेत. १९७७ साली जपानमध्ये क्लोरेलाच्या गोळ्यांतील फिओफोर्बाइड या हरितद्रव्यजन्य घटकामुळे ऊन लागताच त्वचेचा दाह होण्याचे प्रकार घडले होते. गरोदर व स्तनदा स्त्रियांबाबत पुरेसा अभ्यास नाही; दूषिततेची शक्यता लक्षात घेता त्यांनी व लहान मुलांनी वैद्यकीय सल्ल्याविना ही पूरके घेऊ नयेत.

निरोगी प्रौढाने शुद्धतेची चाचणी झालेले स्पिरुलिना काही ग्रॅम घेतल्यास सहसा मळमळ, पोट बिघडणे वा डोकेदुखी यापलीकडे त्रास होत नाही. म्हणजे धोका आहे तो मुख्यतः भेसळीचा, दूषिततेचा आणि चुकीच्या भरवशाचा.

## लागवड आणि पाणी

स्पिरुलिना उथळ, लांबट तलावांत वाढवतात. फिरत्या पंख्याने पाणी सतत हलते ठेवले जाते. पाण्यात खाण्याचा सोडा, नत्र, स्फुरद, पालाश व सूक्ष्म क्षार घालून सामू ९ ते ११ च्या दरम्यान राखला जातो. तापमान ३० ते ३७ अंश सेल्सियस असावे लागते. अशा अल्कधर्मी पाण्यात इतर जीव फारसे टिकत नाहीत, हीच या पद्धतीची नैसर्गिक सुरक्षा आहे. सामू उतरला की परके जीव शिरतात. तयार शैवाल कापडातून गाळून, दाबून, शेवयांसारखे पाडून वाळवतात आणि दळतात. वाळवण्यास उशीर झाल्यास ते लवकर कुजते.

मराठवाड्यात भरपूर ऊन असल्याने आणि प्रथिनांच्या प्रमाणात पाणी कमी लागत असल्याने ही शेती दुष्काळी भागाला योग्य असल्याचे सांगितले जाते. मुद्दा रास्त आहे. पण एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले होते. उघड्या तलावातील बाष्पीभवन भरून काढण्यासाठी उन्हाळ्यातही नियमित पाणी हवेच. त्याहून महत्त्वाचा प्रश्न पाण्याच्या प्रतीचा आहे. नांदेड जिल्ह्याच्या काही भागांत, विशेषतः किनवट तालुक्यात, भूजलात फ्लोराइडचे प्रमाण जास्त आढळले आहे आणि तेथे फ्लोरोसिसचे रुग्ण आहेत. पाणी वाफ होऊन जाते, क्षार मात्र तलावातच साचत जातात. त्यामुळे किनवट, हिमायतनगर, हदगाव या पैनगंगेच्या खोऱ्यातील तालुक्यांत कूपनलिकेच्या पाण्यावर असा उद्योग करायचा झाल्यास आधी पाण्याची आणि नंतर प्रत्येक काढणीची प्रयोगशाळेत तपासणी करणे आवश्यक ठरते. घराच्या गच्चीवर टाकीत शैवाल वाढवून खाण्याचा छंद याच कारणाने जोखमीचा आहे, कारण सूक्ष्मदर्शकाशिवाय टाकीत नेमके काय वाढते आहे ते कळत नाही.

## नियमन व निवड

भारतात ही उत्पादने भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या अखत्यारीत येतात. आरोग्यपूरकांसाठीचे विनियम २०१६ साली अधिसूचित झाले. त्यांनुसार वेष्टनावर ‘आरोग्यपूरक’ असा उल्लेख, शिफारस केलेली दैनिक मात्रा आणि औषधी वापरासाठी नसल्याची सूचना असावी लागते. रोग बरा करण्याचा दावा करता येत नाही. भारतीय मानक ब्यूरोने खाद्य स्पिरुलिनासाठी आयएस १२८९५ हे मानक १९९० सालीच प्रसिद्ध केले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००३ साली स्पिरुलिनाचा अन्नातील वापर सर्वसाधारणतः सुरक्षित असल्याच्या उत्पादकांच्या निष्कर्षास हरकत घेतली नाही. फ्रान्सच्या अन्न सुरक्षा संस्थेने २०१७ साली दूषिततेच्या शक्यतेकडे आणि ॲलर्जीप्रवण व फिनाइलकीटोन्यूरिया असलेल्या व्यक्तींना असलेल्या धोक्याकडे लक्ष वेधले. ही दोन्ही मते परस्परविरोधी नाहीत: पहिले शुद्ध पदार्थाविषयी आहे, दुसरे बाजारात प्रत्यक्ष मिळणाऱ्या मालाविषयी.

खरेदी करताना चौदा अंकी परवाना क्रमांक, शैवालाचे शास्त्रीय नाव, उत्पादनाची तुकडी आणि ते तलावात वाढवले की नैसर्गिक सरोवरातून गोळा केले याची माहिती पाहावी. जड धातू व मायक्रोसिस्टिन यांच्या तपासणीचा अहवाल उत्पादकाकडे मागता येतो. सुटी, नाव-पत्ता नसलेली भुकटी घेऊ नये. मात्रा सुरू केल्यावर अंगावर पित्त उठणे, चेहऱ्यावर सूज, कावीळ किंवा लघवी गडद होणे यांपैकी काही दिसल्यास ती लगेच थांबवून डॉक्टरांना वेष्टनासह दाखवावे. ब-१२ ची तपासणी करून घेताना आपण शैवाल घेत असल्याचे डॉक्टरांना आधीच सांगावे.